चिरगावला बसवलेला आरसा

माझ्या गाडीचा बाजूचा आरसा ढिला झाला, तेव्हा झाशीतल्या किती पुरुषांना गाड्यांतलं काही कळत नाही हे मला एका महिन्यात समजलं. त्याआधी नुसता संशय होता.

गाडी वडिलांची. छावणीतला एक फौजी अधिकारी बदली होऊन जाताना ती विकून गेला आणि कचेरीत हेडक्लार्क असलेल्या माझ्या वडिलांनी ती घेतली. तेव्हाच ती जुनी होती. काळा रंग, गोल बोनेट, पुढची सीट बाकासारखी सलग, गियर स्टिअरिंगच्या दांडीला, आणि पुढची दारं उलटी, म्हणजे बिजागऱ्या मागच्या अंगाला. वडिलांनी गाडी मला शिकवली, कारण मी थोरली होते आणि धाकट्या बहिणीला गाडी लागायची. पुढे मी इथल्याच एका इंटर कॉलेजात तीस-एक वर्षं मुलींना गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि वडील गेल्यावर गाडी माझ्याकडे राहिली. मी ती जपून ठेवत नाही, वापरते. भाजी आणते, बँकेत जाते, दवाखान्यात जाते. तिला 'क्लासिक' म्हणतात हे मी निवृत्त झाल्यावर ऐकलं. त्याआधी लोक तिला खटारा म्हणत होते, आणि म्हणणारे बहुतेक तेच होते.

या गाडीला बाहेरचा आरसा एकच, ड्रायव्हरच्या दाराला. दिवाळीनंतर एका सकाळी सदर बाजारातून येताना मी मागून कोण येतंय ते बघायला गेले तर आरशात मला माझंच मागचं चाक दिसलं. आरसा मान टाकून लोंबत होता. मी तो हाताने सरळ केला, पुढच्या खड्ड्यात तो परत पडला. उजव्या हाताने आरसा आणि डाव्याने स्टिअरिंग असं धरून मी घरी आले.

घरी आल्यावर फडताळातून पेचकस काढला आणि बुडाचे दोन स्क्रू आवळून पाहिले. ते नुसते फिरत राहिले. आटे गेले होते. हे स्क्रू दाराच्या पत्र्याच्या आत एका पातळ पट्टीत बसतात आणि ती पट्टी गंजून गेली होती. दार उलटं उघडणारं, त्यामुळे ते लावताना प्रत्येक वेळी धक्का थेट आरशाच्या बुडाला बसतो. आश्चर्य एवढंच की पट्टी इतकी वर्षं टिकली. म्हणजे काम सरळ होतं. दाराचं आतलं रेक्झीन उतरवायचं, आत नवी जाड पट्टी ठेवायची, मागून नट लावून आवळायचं. अडचण फक्त एक होती. आत नट धरायला एक हात लागतो आणि बाहेरून बोल्ट फिरवायला दुसरा, आणि माझ्या डाव्या अंगठ्याच्या सांध्यात काही वर्षांपासून जोर उरलेला नाही. मला कोणाचा तरी एक हात हवा होता. शहाणपण नको होतं.

सीपरी बाजारातल्या एका गॅरेजात गेले. मालक खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. मी त्याला दाखवून म्हटलं, "भैया, इसकी चूड़ी मर गई है. अंदर पत्ती डालनी पड़ेगी."

त्याने माझ्या मागे बघितलं, गाडीतून आणखी कोणी उतरतंय का ते. कोणी उतरलं नाही तेव्हा म्हणाला, "माताजी, घर में कोई जेंट्स नहीं है क्या?"

"नहीं. पत्ती है?"

त्याने उठून आरशाच्या मानेतला स्क्रू आवळला. तो स्क्रू चांगला होता, त्याला कोणी काही म्हटलेलं नव्हतं. मान ताठ झाली आणि बूड होतं तसंच हलत राहिलं. आधी आरसा नुसता लोंबायचा, आता एकदम आडवा व्हायला लागला. मी ते दाखवलं. तो म्हणाला की एवढ्या जुन्या गाडीत असं होणारच, आणि आता नवी घ्या. मग परत मोबाइल बघायला लागला. माझ्या वर्गात अशा मुलींना मी शेवटच्या बाकावर बसवून टाकत असे आणि वर्षभर काही विचारत नसे. त्याच्याशीही तेच केलं. किल्ली फिरवली आणि निघाले.

त्या रविवारी बहिणीकडे जेवायला गेले होते. तिचं घर छावणीच्या पलीकडच्या कॉलनीत. तिचा नवरा साताऱ्याकडचा. फौजेत होता, शेवटची बदली बबिन्याला झाली आणि मग बायकोचं माहेर झाशीत म्हणून इथेच राहिला. फौजेत भावोजींकडे गोदामं होती. बूट, ब्लँकेटं, रॉकेलची पिंपं. पण बोलायला लागले की वाटतं, रणगाडे यांनीच खोलले आणि यांनीच जोडले. शिवाय आमच्या मराठीवर त्यांचं कायम लक्ष. मी फडताळ म्हटलं की हसतात, आणि एखादा हिंदी शब्द आला की तो मराठीत करून परत माझ्या हातात देतात. इथे आमच्या किती पिढ्या झाल्या हे मी त्यांना एकदा सांगितलं होतं. तेव्हाही ते हसले होते.

निवृत्तीनंतर ते जुन्या गाड्यांच्या एका मंडळात जायला लागले. मंडळात सात सभासद, सगळे साठीच्या पुढचे. गाड्या चार, त्यातल्या दोन चालणाऱ्या. उरलेल्या दोन ताडपत्रीखाली. महिन्यातून एकदा सातजण जमतात, एक बोनेट उघडतात, आत बघतात आणि समोसे खातात. भावोजींकडे स्वतःची जुनी गाडी नाही. मंडळात ते माझ्या गाडीविषयी 'आमची गाडी' असं बोलतात, हे मला बहिणीकडून कळलं होतं.

जेवताना बहीण सहज बोलून गेली की ताईच्या गाडीचा आरसा पडतोय. भावोजींनी घास खाली ठेवला.

"ताई, हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"छोटं काम आहे," मी म्हटलं.

"छोटं नाही. जुन्या गाडीत कुठलंच काम छोटं नसतं. त्याला एक शास्त्र आहे. तुम्ही ह्यात पडू नका. गाडी माझ्याकडे ठेवा, मी बघतो."

बहीण माझ्याकडे बघत होती. ती नेहमी तशी बघते, कोणी भांडू नये म्हणून. लहानपणापासून मला तिचा हा चेहरा आवडत नाही. मी पर्समधून किल्ली काढली आणि ताटाशेजारी ठेवली.

गाडी त्यांच्याकडे नऊ दिवस होती. मी ई-रिक्षाने फिरले. बहीण मला मंडळाच्या ग्रुपवरचे फोटो पाठवत असे, कौतुकाने. एका फोटोत भावोजी भिंग घेऊन आरशाचं बूड बघत होते. एकात चारजण दाराभोवती उभे होते आणि एकाने हात कमरेवर ठेवले होते. मग या गाडीला मुळात गोल आरसा होता की लांबट, यावर त्यांचा वाद झाला. तो तीन दिवस चालला. एकाने कुठूनतरी परदेशातल्या गाडीचा फोटो काढून टाकला, दुसऱ्याने ती गाडीच वेगळी असल्याचं सिद्ध केलं, तिसऱ्याने दोघांना नमस्काराचा हात पाठवला. आरसा वडिलांनी स्वतः आणून बसवलेला होता, मुळात गाडीला आरसाच नव्हता. मला कोणी विचारलं नाही.

दहाव्या दिवशी भावोजी गाडी घेऊन आले. हॉर्न वाजवला. मी बाहेर गेले तर ते दाराशेजारी उभे होते, फोटो काढताना उभे राहतात तसे.

"हलवून बघा," ते म्हणाले.

मी बघितलं. आरशाचं बूड आणि दार यांच्यामधली फट त्यांनी बुजवून टाकली होती. कसलातरी करडा लगदा, पोळ्यांच्या कणकेसारखा मळलेला, चहूबाजूंनी थापलेला, त्यावर काळा रंग. लगद्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उठला होता. आरसा खरंच हलत नव्हता. मी वाकून पाहिलं. लगदा रंगाला चिकटला होता, रंग खालच्या गंजाला, आणि गंज कशालाच चिकटलेला नव्हता.

"छान," मी म्हटलं.

"आता हा पुढची वीस वर्षं निघणार नाही."

"बरं."

ते चहा घेऊन गेले. चहा पिताना त्यांनी मला सांगितलं की आमच्या वडिलांच्या पिढीला गाडी चालवता येत होती पण गाडीची देखभाल हा विषय वेगळा. मी त्यांना आणखी एक बिस्कीट दिलं.

मंडळाने एक सफर ठरवली होती. एका रविवारी सकाळी झाशीहून निघायचं, कानपूर रस्त्याने चिरगाववरून पुढे एरचला जायचं, बेतवेच्या काठी नाश्ता करायचा आणि परत यायचं. मंडळाच्या दोन चालणाऱ्या गाड्या आणि माझी, असा ताफा. बहिणीने फोन करून विचारलं, "ताई, ह्यांना चालवू देशील का? एकच दिवस." मी हो म्हटलं. का म्हटलं हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

त्या दिवशी भावोजी चपटी टोपी आणि चामड्याचे हातमोजे घालून आले. बहीण पुढे बसली, मागे बसलं की तिला अजूनही गाडी लागते. मी माझ्याच गाडीत मागे बसले, मांडीवर पराठ्यांचा डबा घेऊन. भावोजी दुसऱ्या गियरमध्ये गाडी ओढत होते आणि इंजिनाचा आवाज ऐका म्हणत होते. मी ऐकत होते. ती तिसरा मागत होती.

चिरगाव यायच्या जरा आधी एक गतिरोधक आहे, रंग उडालेला. मला तो माहीत होता. भावोजींना नव्हता. गाडी उडाली, खाली आली, आणि दारावरून काहीतरी सुटून मागे गेलं. रस्त्यावर वाजलं. भावोजींनी जोरात ब्रेक मारला, मागून येणारी मंडळाची गाडी हॉर्न वाजवत बाजूने निघाली आणि पुढे जाऊन थांबली.

"काय पडलं?" बहिणीने विचारलं.

"काही नाही," भावोजी म्हणाले.

मी उतरले. आरसा रस्त्याच्या कडेला मातीत पडला होता. एका कोपऱ्यात तडा गेला होता, बाकी काच शाबूत होती. बुडाला लगद्याचं अख्खं कडं होतं आणि कड्याला माझ्या दाराचा रंग, तळहाताएवढा. दारावर आता गंजलेला डाग आणि दोन भोकं. मी आरसा पदराने पुसला आणि परत आले, तोवर गावाच्या तोंडाशी तिन्ही गाड्या लागल्या होत्या आणि सातही जण माझ्या दाराभोवती उभे होते.

"वाइब्रेशन है," एकजण म्हणाला.

"ठंड में मसाला सिकुड़ता है," दुसरा म्हणाला.

"मैंने तो चौबीस घंटे सुखाया था," भावोजी म्हणाले. त्यांनी हातमोजे काढले नव्हते.

मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. सात माणसं, आयुष्यभर कुठेकुठे हुकूम सोडत आलेली, आणि एकालाही भोकात बोट घालून आत काय आहे ते बघावंसं वाटलं नाही. मंडळातले एक गृहस्थ गतिरोधकाचा फोटो काढायला गेले. मला त्या घटकेला त्या सगळ्यांचाच तिटकारा आला. खरं सांगायचं तर बरं वाटलं. महिनाभर मी याच घटकेची वाट बघत होते.

रस्त्यापलीकडे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं. मी त्यांना वाद घालत ठेवून तिकडे गेले. दुकानदार माझ्या वयाचा, डोक्याला मफलर, उन्हात बसून शेंगा सोलत होता.

"का चाने?" त्याने बुंदेलीत विचारलं, काय हवंय म्हणून.

मी आरसा त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला, उलटा केला, लगद्याचं कडं नखाने टोकरलं आणि बराच वेळ बघितलं.

"जो कौन ने करो?"

"घर के हैं," मी म्हटलं.

त्याने पुढे काही विचारलं नाही. कडं पेचकसाने उचकटून काढलं, बुडाच्या दोन भोकांमधलं अंतर तारेच्या तुकड्याने मोजलं, आत जाऊन ट्रॅक्टरच्या मडगार्डची एक जाड पट्टी घेऊन आला. तिला तेवढ्याच अंतरावर दोन भोकं पाडली. दोन बोल्ट, दोन नट, स्प्रिंगचे वायसर. शेवटी जुन्या ट्यूबमधून बुडाच्या मापाचा रबराचा तुकडा कापून वर ठेवला. "नीचे ये धरियो, पानी नईं जैहे," म्हणाला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. मी सांगितलं काहीच नव्हतं. महिनाभरात भेटलेला हा पहिला माणूस, ज्याने माझ्याआधी वस्तूकडे बघितलं. त्याच्याकडूनच मी दोन पाने आणि एक पेचकस उसने मागून घेतले.

परत येऊन मी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि काच खालीवर करायची मूठ काढायला लागले.

"ताई, ते आतलं रेक्झीन मूळचं आहे," भावोजी म्हणाले. "त्याला हात लावू नका. मंडळाच्या ओळखीतला एकजण आहे, त्याच्याकडून आपण झाशीला—"

"भावोजी, बाजूला व्हा."

मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. ते बाजूला झाले. बाकीचेही झाले, आणि मग एकेक करून चहाच्या टपरीकडे गेले. भावोजी गेले नाहीत. जरा अंतरावर, बोनेटपाशी उभे राहिले.

रेक्झीनचा पुठ्ठा मी खालून उचकून वाकवला. आत हात जाण्यापुरती जागा झाली. मी पट्टी आत नेली, पण अंगठ्याने साथ दिली नाही. नट बोटातून सुटून दाराच्या तळाशी पडला. दुसऱ्यांदाही पडला. बहीण तेवढ्यात सरकून ड्रायव्हरच्या जागेवर येऊन बसली होती. तिने बांगड्या काढून पराठ्यांच्या डब्यावर ठेवल्या.

"मी धरते," ती म्हणाली.

"तुला जमायचं नाही."

"सांग तर खरं, कुठे धरायचं."

मी सांगितलं. तिने तळाचे दोन नट चाचपून वर काढले, पट्टी भोकांशी लावली आणि पहिला नट बोटांत धरला. तिची बोटं लहान आहेत, आणि रोज कणीक मळणारी. मी दार लोटून बाहेर उकिडवी बसले, रबर लावलं, आरसा टेकवला, बोल्ट घातला. तिच्या नटाने तो पकडलेला मला पेचकसातून कळला.

"घट्ट धर."

"धरलाय."

मी सावकाश फिरवत राहिले. आमच्या दोघींच्या मध्ये दार होतं, काच खाली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "नऊ दिवस ते रोज सकाळी दाढी करून गाडीपाशी जात होते. रिटायर झाल्यापासून दाढी आठवड्यातून दोनदा."

"म्हणून माझ्या दाराला कणीक फासायची?"

"तसं नाही म्हणत मी."

पहिला बोल्ट बसला. तिने दुसरा नट घेतला.

"ताई, तुला माहीत होतं ना?"

"काय?"

"हेच. आतून पट्टी लागते हे."

"कोणालाही कळेल असं आहे."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग किल्ली देताना सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी विचारलं नाही."

"शाळेत मुली विचारायच्या का? तिथे सांगायचीस ना?"

मी बोल्ट भोकात घालत होते, तो तिरपा गेला. परत काढला. ती आतून म्हणाली, आवाज तसाच हळू, "तुला ते तोंडघशी पडलेले बघायचे होते. आज मागे बसून तू ह्याचीच वाट बघत होतीस. मला कळतं ते. लहानपणी मला गाडीत उलटी व्हायची, तेव्हा तू आणि बाबा पुढे बसून एकमेकांकडे बघून हसायचात. तुम्हाला वाटायचं मला दिसत नाही. मागून सगळं दिसतं."

मला ते आठवत नव्हतं, आणि मग आठवलं. ललितपूरच्या रस्त्यावर थांबवलेली गाडी, बहीण दार उघडून खाली वाकलेली, आणि वडिलांनी माझ्याकडे बघून भुवया उंच केल्या होत्या. त्या भुवयांचा मला केवढा अभिमान वाटला होता. त्यांनी मला आपल्यात घेतलं असं वाटलं होतं. मी सात-आठ वर्षांची असेन. पुढच्या सगळ्या आयुष्यात मी तेच करत आले आणि त्याला हुशारी समजत आले.

"बोल्ट येऊ दे," बहीण म्हणाली. "हात अवघडला."

मी बोल्ट सरळ घातला. नट लागला. शेवटचे फेरे पान्याने आवळले, एकदा ह्या, एकदा त्या बोल्टला, म्हणजे बूड सारखं बसेल. आरसा हलवला. सगळं दार हललं, आरसा हलला नाही. लाज वाटली असं म्हणणं पूर्ण खरं होणार नाही. तिने जे म्हटलं त्यातलं काही खोडता येतंय का हे मी बोल्ट आवळताना शोधत होते, आणि काही सापडलं नाही, एवढंच.

बहीण बांगड्या भरायला लागली. भावोजी बोनेटपासून दोन पावलं पुढे आले.

"बसला?"

"बसला."

त्यांनी वाकून भोकांच्या जागी बघितलं, मग उचकलेल्या रेक्झीनमधून आत बघितलं. पट्टी दिसली असणार. हातमोजा काढून त्यांनी तिला बोट लावलं.

"मला आटे गेल्याचं कळलंच नाही, ताई," ते म्हणाले.

"मला कळलं होतं."

"आता, इथे?"

"नाही. गाडी तुम्हाला द्यायच्या आधी."

मला वाटलं, रागावतील. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी टोपी काढून बोनेटवर ठेवली, विरळ केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पुढे तुम्ही चालवा." मग जाऊन मागच्या सीटवर बसले. मी पाने परत करून आले आणि गाडी सुरू केली. बहिणीने एकदा मला पराठ्याचा तुकडा दिला, एकदा हात मागे करून त्यांना दिला.

बेतवेच्या काठी मंडळींनी सतरंज्या घातल्या. पाणी कमी होतं, खडक उघडे पडले होते, पलीकडे कोणीतरी म्हशी धूत होतं. भावोजी मित्रांमध्ये बसले आणि थोड्या वेळाने त्यांचा नेहमीचा आवाज लागला. "हमने चिरगाँव में फिट कर दिया," मी ऐकलं. "अंदर से बैकिंग दी है. असली तरीका यही है." बाकीच्यांनी माना हलवल्या. कोणाला विचारावंसं वाटलं नाही की हाच असली तरीका होता तर आधीचा कुठला होता. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या भुवया वर जायला निघाल्या होत्या. मी डब्याचं झाकण लावलं आणि नदीकडे गेले.

या सगळ्यानंतर माझ्या मनात भावोजींविषयी माया उत्पन्न झाली असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालेलं नाही. ते अजूनही माझे शब्द दुरुस्त करतात. मंडळातले उरलेले सहा तर मला आता पूर्वीपेक्षा जास्त कंटाळवाणे वाटतात, कारण गाडी बघायला ते अधूनमधून माझ्या दारात येऊन उभे राहतात आणि मला सोडून गाडीशी बोलतात. तडा गेलेली काच मी तशीच ठेवली आहे, मागचं दिसायला ती पुरते.

फेब्रुवारीत एका सकाळी भावोजींचा फोन आला. त्यांनी भंगारवाल्याकडून एक जुनी स्कूटर उचलून आणली होती.

"ताई, वेळ आहे का तुम्हाला?"

"कशाला?"

"जरा बघून सांगाल का काय काय करावं लागेल?"

मी गेले. स्कूटर अंगणात स्टँडवर उभी होती, चाक वाकलेलं, सीट उंदरांनी खाल्लेली. भावोजी दाढी करून शेजारी उभे होते आणि त्यांनी एका कागदावर आकडे घालून दहा ओळी रिकाम्या सोडल्या होत्या. मी चष्मा लावला, खाली बसले आणि वरून सुरुवात केली. क्लचची तार, ब्रेक, बुडाचा पत्रा, कार्ब्युरेटर. एकेक सांगत गेले आणि ते लिहीत गेले. दहा ओळी पुरल्या नाहीत. त्यांनी कागद उलटा केला. कागदाबरोबर पेनही त्यांच्या हातात उलटं झालं होतं, ते मी सांगितलं, आणि पुढचं सांगायला लागले.